अवकाशातली क्ष-किरण दुर्बीण आणि खाली बसलेला खगोलशास्त्रज्ञ: मधल्या वाटेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आकाशदर्शनाला आलेली मंडळी दुर्बिणीतून काय दिसतं ते हमखास विचारतात. अवकाशातल्या दुर्बिणीला दिसलेलं खाली आपल्यापर्यंत कसं पोचतं, हे विचारणारा शंभरात एखादाच निघतो. पण एकदा त्याने सुरुवात केली की बाकीचेही चहाचा कप घेऊन जवळ सरकतात. असे वर्षानुवर्षं येत राहिलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांसाठी दोनच दुर्बिणी घेतल्या आहेत: नासाची ‘चंद्रा’ (पुढे ‘चंद्राचा’, ‘चंद्राला’ म्हटलं की ही दुर्बीणच समजा) आणि इस्रोचा ॲस्ट्रोसॅट. एक पृथ्वीपासून खूप लांब, दुसरा अगदी जवळ. त्यामुळे डेटा खाली आणायच्या दोघांच्या तऱ्हा जवळजवळ उलट्या आहेत.

दुर्बीण फोटो काढते आणि तो खाली पाठवते, असंच ना?

नाही, आणि बहुतेक सगळे गैरसमज इथूनच सुरू होतात.

मोबाइलचा कॅमेरा उघडला की क्षणात अब्जावधी फोटॉन, म्हणजे प्रकाशाचे कण, आत शिरतात आणि त्यांच्या बेरजेतून चित्र तयार होतं. क्ष-किरणांच्या जगात एवढी सुबत्ता नसते. दूरच्या आकाशगंगेकडून येणारे क्ष-किरण फोटॉन इतके विरळ असतात की ते एकेक करून मोजता येतात. म्हणून दुर्बीण येणाऱ्या प्रत्येक फोटॉनची नोंद करते: अमुक वेळी, संवेदकाच्या अमुक चौकटीत, एवढ्या ऊर्जेचा एक फोटॉन आला. एक फोटॉन, एक ओळ. खाली येते ती अशा ओळींची यादी, गावच्या टोलनाक्यावरच्या वहीसारखी. या यादीला खगोलशास्त्रज्ञ ‘इव्हेंट लिस्ट’ म्हणतात.

चित्र त्यानंतर तयार होतं. जागेनुसार ओळी मोजल्या की प्रतिमा मिळते, ऊर्जेनुसार मोजल्या की वर्णपट, आणि वेळेनुसार मोजल्या की तेजाचा चढउतार. यादी तीच, फक्त मोजण्याचा स्तंभ बदलतो. साध्या फोटोत ही सोय नसते, कारण कुठला फोटॉन केव्हा आला हे त्यात कायमचं पुसलं गेलेलं असतं.

मग ते क्ष-किरणच सरळ जमिनीवर का पकडत नाहीत?

वातावरण ते शोषून घेतं. आपल्या जिवासाठी ते चांगलंच आहे, पण खगोलशास्त्रज्ञाला मात्र वर जावं लागतं. १८ जून १९६२ रोजी रिकार्डो जियाकोनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी छोट्या रॉकेटमधून उपकरण काही मिनिटांपुरतं वर धाडलं आणि वृश्चिक राशीतला तेजस्वी क्ष-किरण स्रोत सापडला. जियाकोनींना २००२ साली नोबेल मिळालं. खाली येतात ते रेडिओ तरंग. क्ष-किरणांबद्दलची माहिती त्यांच्यावर स्वार होऊन येते.

दुर्बीण जे जे पाहते ते सगळं खाली येतं का?

येत नाही, आणि या पानावरचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा हाच. चंद्राचा हिशेब मांडून पाहू.

तिच्या ॲसिस नावाच्या उपकरणात १० सीसीडी, म्हणजे डिजिटल कॅमेऱ्यात असतात तशा संवेदक चकत्या, आहेत. प्रत्येकात १०२४ गुणिले १०२४ चौकटी (पिक्सेल). एका वेळी जास्तीत जास्त ६ सीसीडी चालवतात आणि नेहमीच्या पद्धतीत दर ३.२ सेकंदांनी त्या वाचल्या जातात. प्रत्येक चौकटीचं मूल्य १२ बिटांत मावतं. गुणाकार केला तर एका वाचनाचे साडेसात कोटी बिट होतात, म्हणजे सेकंदाला सुमारे २ कोटी ३६ लाख. आणि चंद्राच्या टेलिमेट्रीत, म्हणजे खाली येणाऱ्या रेडिओ संदेशात, वैज्ञानिक माहितीसाठी जागा किती? सेकंदाला २४ हजार बिट! यानाची प्रकृती, तापमान, दिशा वगैरे सगळं धरून ३२ हजार. १९९९ साली, चंद्रा वर गेली तेव्हा, आपल्या घरी कर्रकर्र करत जोडला जाणारा डायल-अप मोडेमसुद्धा कागदोपत्री ५६ हजारांचा होता.

मिळकत आणि वाट यांच्यात जवळजवळ हजारपटीचा फरक. तो वरच्या वर मिटवावा लागतो. सूप घेऊन धान्य पाखडावं तसं ॲसिसचा संगणक प्रत्येक वाचन पाखडतो. आधी प्रत्येक चौकटीची रिकामी असतानाची पातळी वजा होते. मग जी चौकट ठरलेल्या मर्यादेच्या वर आहे आणि शेजाऱ्यांपेक्षा उंच आहे, ती ‘इव्हेंट’ म्हणून धरली जाते. तिच्याभोवतीचं ३ गुणिले ३ चौकटींचं बेट तेवढं राखलं जातं आणि उरलेला कोरा सीसीडी सोडून दिला जातो.

या बेटांतही सगळे दाणे खरे नसतात. वैश्विक किरणांतला एखादा कण सीसीडीतून घुसला की मागे मोठा ओघळ ठेवतो. क्ष-किरण फोटॉनचा ठसा एका-दोन चौकटींत, फार तर चारांत आटोपतो. ठशाच्या आकारावरून प्रत्येक इव्हेंटला एक श्रेणी मिळते आणि उघडउघड वैश्विक किरणांच्या श्रेणी वरच टाकून दिल्या जातात. खाली येतं ते हे निवडलेलं धान्य.

फेकलेल्यात एखादी मोलाची गोष्ट गेली तर?

गेली तर गेली. ती पुन्हा मागवता येत नाही. म्हणूनच कुठली मर्यादा ठेवायची आणि कुठली श्रेणी टाकायची हे यान उडण्यापूर्वी आणि नंतरही फार विचार करून ठरवतात.

तोटा दुसऱ्या बाजूनेही होतो. स्रोत फारच तेजस्वी असेल तर पाखडलेलं धान्यही वाटेत मावत नाही. नेहमीच्या पद्धतीत ॲसिस सेकंदाला साधारण १७० इव्हेंट खाली पाठवू शकतं. त्याहून जास्त आले की आख्ख्या वाचनांवर पाणी सोडावं लागतं. लोकांना वाटतं अंधूक वस्तू पाहणं अवघड. ते खरं आहेच, पण अति तेजस्वी वस्तूही चंद्राची पंचाईत करतात. निरीक्षणाचा प्रस्ताव लिहिणाऱ्याला आधी हा हिशेब करावा लागतो: कमी सीसीडी चालवू का, वाचायची खिडकी लहान करू का, प्रत्येक इव्हेंटची माहिती थोडी कमी पाठवू का?

निवडलेला डेटा लगेच खाली येतो का?

चंद्राच्या बाबतीत दिवसातून साधारण तीन वेळा.

चंद्रा २३ जुलै १९९९ रोजी कोलंबिया स्पेस शटलमधून निघाली. तिची कक्षा लांबोळकी आहे. दूरचं टोक सुरुवातीला पृथ्वीपासून सुमारे १ लाख ३९ हजार किलोमीटरवर होतं, म्हणजे आकाशातल्या खऱ्या चंद्रापर्यंतच्या अंतराच्या एक तृतीयांशाहून पुढे. एका फेरीला सुमारे ६४ तास लागतात. एवढ्या लांब जायचं कारण म्हणजे पृथ्वीभोवतीचे, आवेशित कणांनी भरलेले प्रारणपट्टे. त्यांच्यापासून दूर राहिलं की एका फेरीत ५५ तासांपर्यंत सलग निरीक्षण करता येतं. पट्ट्यांतून जाताना मात्र उपकरणं झाकून घ्यावी लागतात. हा धडा महागात मिळाला. पहिल्याच काही आठवड्यांत आरशांवरून घसरत आलेल्या कमी ऊर्जेच्या प्रोटॉनांनी ॲसिसच्या काही सीसीडी अंशतः दुखावल्या. तेव्हापासून पट्ट्यांत शिरण्यापूर्वी ॲसिस आरशांच्या नजरेतून बाजूला सरकवतात.

निरीक्षण चालू असताना डेटा यानावरच्या रेकॉर्डरमध्ये साठतो. असे दोन रेकॉर्डर आहेत, प्रत्येकाची क्षमता १.८ गिगाबिट. आजच्या खिशातल्या पेन ड्राइव्हपुढे ही क्षमता नगण्य आहे, पण सेकंदाला ३२ हजार बिट या वेगाने एक रेकॉर्डर भरायला १५ तासांहून जास्त लागतात. साधारण दर आठ तासांनी नासाच्या डीप स्पेस नेटवर्कची एखादी अँटेना चंद्राशी तासभर बोलते. कॅलिफोर्नियातलं गोल्डस्टोन, स्पेनमधलं माद्रिद आणि ऑस्ट्रेलियातलं कॅनबरा अशी त्या जाळ्याची तीन ठाणी आहेत. पृथ्वी फिरली तरी तिघांपैकी कुणालातरी यान दिसतंच. खाली पाठवायचा वेग सेकंदाला सुमारे १० लाख बिटांपर्यंत जातो, म्हणजे आठ तासांची साठवण पंधरा मिनिटांत रिकामी. उरलेल्या वेळात यानाची तब्येत तपासतात आणि पुढच्या आज्ञा वर पाठवतात. या आज्ञांची यादी आठवडाभर आधीच आखलेली असते. चंद्राला कुणी ‘आता डावीकडे वळ’ असं बसल्या जागेवरून सांगत नाही.

ठाण्यावरून डेटा कॅलिफोर्नियातल्या जेट प्रॉपल्शन लॅबोरेटरीत जातो आणि तिथून मॅसॅच्युसेट्समधल्या चंद्राच्या नियंत्रण केंद्रात. हे केंद्र नासासाठी स्मिथसोनियन वेधशाळा चालवते.

ॲस्ट्रोसॅटचं काय वेगळं आहे?

जवळजवळ सगळंच. २८ सप्टेंबर २०१५ रोजी पीएसएलव्ही-सी३० ने श्रीहरिकोट्याहून त्याला सुमारे ६५० किलोमीटर उंचीवर सोडलं. कक्षा विषुववृत्ताशी फक्त ६ अंशांनी कललेली. मुद्दाम तशी निवडली, कारण दक्षिण अटलांटिकवर प्रारणपट्टे खाली झुकलेले आहेत आणि विषुववृत्ताला धरून राहिलं की त्यांची कडाच तेवढी चाटून जाते. तरी त्या भागात उपकरणांचा उच्च विद्युतदाब उतरवावा लागतोच. आवेशित कणांवर लक्ष ठेवणारं एक छोटं उपकरण त्यासाठी पहारा देतं. ते मुंबईच्या टीआयएफआरने, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेने बनवलंय. ॲस्ट्रोसॅटची क्ष-किरण उपकरणं बहुतांशी टीआयएफआरच्या पुढाकारानेच घडली. सीझेडटीआय या कठोर क्ष-किरण उपकरणात पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेचाही मोठा वाटा आहे.

दिवसाला साधारण १४ फेऱ्या होतात, आणि डेटा उतरवायचं ठिकाण मात्र एकच: बंगळूरूजवळचं इस्रोचं केंद्र. सुमारे दहा फेऱ्यांत उपग्रह तिथून नीट दिसतो. बाकीच्या वेळी तो दक्षिण क्षितिजाला लगटून जातो. बंगळूरू १३ अंश उत्तरेला आणि उपग्रह ६ अंशांच्या पलीकडे कधी येतच नाही; त्यामुळे तो त्या शहराच्या डोक्यावर येण्याचा प्रश्नच नाही. दिसला की दहा-बारा मिनिटांत मावळतो.

चंद्राला तासभराची निवांत भेट मिळते, याला धावती गाठ. पण जवळ असल्यामुळे वेग जबरदस्त: सेकंदाला २१ कोटी बिट. दिवसभरात ॲस्ट्रोसॅट ४२० गिगाबिटपर्यंत माहिती गोळा करू शकतो. भागाकार करा. एकूण ३३ मिनिटं, म्हणजे दहा भेटींत वाटली तर प्रत्येकी साडेतीन मिनिटांहून कमी. रेकॉर्डर २०० गिगाबिटचा आहे, म्हणजे जवळजवळ अर्ध्या दिवसाची बेगमी.

म्हणजे ॲस्ट्रोसॅटला पाखडायची गरजच नाही?

आहे, पण हात सैल सोडता येतो. सीझेडटीआयमध्ये १६,३८४ चौकटी आहेत आणि प्रत्येक फोटॉनवर २० मायक्रोसेकंदांच्या अचूकतेने वेळेचा शिक्का बसतो. नेहमीच्या निरीक्षणात हा सगळा ऐवज खाली येतो, वैश्विक किरणांच्या कचऱ्यासकट. कचरा पुढे जमिनीवर वेचतात. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. फोटॉन जर लागोपाठच्या दोन चौकटींत विखुरला तर तशा जोड्यांवरून क्ष-किरणांचं ध्रुवीकरण, म्हणजे त्यांच्या कंपनाची दिशा, मोजता येतं. साध्या पाखडणीत अशा जोड्या गोंगाट म्हणून हरवल्या असत्या. क्रॅब पल्सार या गरागरा फिरणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याच्या ध्रुवीकरणाचा २०१७ साली गाजलेला निष्कर्ष याच जोड्यांमधून निघाला.

माझं मत विचाराल तर वाट रुंद असेल तेव्हा कमीत कमी फेकावं. आज जो कचरा वाटतो त्यात उद्या कुणालातरी काही सापडतं. पण चंद्राच्या कक्षेत तो पर्याय नव्हता, आणि तिची बारीक नजर, साधारण अर्धा कोनीय सेकंद, अजून कुठल्या क्ष-किरण दुर्बिणीला आलेली नाही.

भेट चालू असताना सिग्नल तुटला तर?

रेकॉर्डरमधला डेटा लगेच पुसत नाहीत. बहुधा पुढच्या भेटीत तो भाग पुन्हा मागवता येतो. ॲस्ट्रोसॅटच्या लागोपाठच्या फेऱ्यांच्या फायलींत तर थोडा भाग दोनदा येतो. विश्लेषण करणाऱ्याचं पहिलं काम हे दुहेरी तुकडे ओळखून एकसंध यादी शिवण्याचं असतं. नवख्या विद्यार्थ्याचे पहिले दोन आठवडे बहुधा यातच जातात. तेवढ्यात तो खगोलशास्त्राला शिव्या घालायलाही शिकतो.

लहानसहान चुकांसाठी अंतराळयानांच्या संदेशात जास्तीचे बिट मिसळलेले असतात. काही बिट उलटसुलट झाले तरी त्यांच्या आधारे मूळ संदेश परत मिळतो. रीड-सॉलोमन नावाची ही जी युक्ती, तिच्याच एका रूपावर ओरखडे पडलेली गाण्यांची सीडीसुद्धा वाजायची.

यानच नष्ट झालं तर?

जपानच्या हितोमीची गोष्ट सांगतो. १७ फेब्रुवारी २०१६ रोजी ती वर गेली, आणि २६ मार्चला दिशा सांभाळणाऱ्या यंत्रणेत घोळ होऊन स्वतःभोवती गरागरा फिरत तुटली. जेमतेम सव्वा महिन्याचं आयुष्य. पण त्याआधी तिने पर्सियस दीर्घिकासमूहाचं निरीक्षण केलं होतं आणि तो डेटा खाली उतरलेला होता. त्यातून समूहातला तापलेला वायू किती शांतपणे हलतो हे इतक्या अचूकपणे पहिल्यांदाच मोजलं गेलं. त्याच वर्षी जुलैमध्ये ते ‘नेचर’मध्ये छापून आलं. दुर्बीण गेली, यादी राहिली. तिची वारस क्रिझम २०२३ च्या सप्टेंबरात वर गेली.

जमिनीवर उतरल्यावर डेटाचं काय होतं?

त्याला पायऱ्या आहेत आणि त्यांना आकड्यांची नावं आहेत. शून्य पातळी म्हणजे रेडिओच्या पाकिटांतून सोडवून उपकरणानुसार वेगळा केलेला कच्चा माल. पहिली पातळी: प्रत्येक इव्हेंटला खरी वेळ, आकाशातली जागा आणि ऊर्जा दिलेली. दुसरी: कचरा, खराब काळ, सदोष चौकटी काढून विश्लेषणाला सोपवायजोगी यादी.

यातली ‘आकाशातली जागा’ वाटते तितकी सरळ नाही. दुर्बीण एका बिंदूकडे रोखलेली असली तरी ती किंचित डुलत असते. चंद्राला तर मुद्दाम डुलवतात, म्हणजे एकाच चौकटीचा दोष एकाच जागी साचत नाही. त्यामुळे फोटॉन कुठे पडला एवढं पुरत नाही, त्या क्षणी दुर्बीण नेमकी कुठे पाहत होती तेही लागतं. ते सांगायला चंद्रा दुर्बिणीवर एक साधा प्रकाशीय कॅमेरा सतत ताऱ्यांवर डोळा ठेवून असतो. फोटॉनांची यादी आणि डुलण्याची नोंद एकावर एक बसवली की फिसकटलेला ठिपका टोकदार होतो.

ॲस्ट्रोसॅटची शून्य आणि पहिली पातळी बंगळूरूजवळच्या इंडियन स्पेस सायन्स डेटा सेंटरमध्ये तयार होते. पुढचं काम त्या त्या उपकरणाच्या केंद्राकडे जातं: सीझेडटीआयचं पुण्याला आयुकात, बाकी क्ष-किरण उपकरणांपैकी बरंच मुंबईला टीआयएफआरमध्ये. ॲस्ट्रोसॅट वापरणाऱ्या संशोधकांना मदत करणारा कक्षही आयुकात आहे. चंद्राच्या बाजूला स्वयंचलित प्रक्रियेनंतर माणसं प्रत्येक निरीक्षण तपासतात आणि मगच ते संशोधकाला मिळतं.

फाइल उघडली की आत काय असतं?

खगोलशास्त्राची फिट्स नावाची जुनी फाइल-पद्धत, १९८१ सालापासूनची. तिच्या डोक्यावर ८० अक्षरांच्या ओळींत माहिती असते. ८० का, तर पंचकार्डावर तेवढीच मावत. पंचकार्डं अडगळीत गेली, ८० अक्षरं राहिली. खाली यादी: वेळ, चौकट, ऊर्जा.

वेळेचा स्तंभ पाहून नवखे गोंधळतात, कारण तिथे तारीख नसते, आठ-नऊ आकडी सेकंद असतात. ॲस्ट्रोसॅट सेकंद मोजतो १ जानेवारी २०१० पासून, चंद्रा १ जानेवारी १९९८ पासून. दोघांच्या याद्या शेजारी मांडताना हे विसरलं की बारा वर्षांची चूक होते. ती लगेच लक्षात येते, हे नशीब.

वेळेच्या मागे एवढं का लागता?

न लक्षात येणाऱ्या चुकांमुळे. क्रॅब पल्सार सेकंदाला सुमारे ३० वेळा लुकलुकतो, म्हणजे एका फेऱ्याला ३३ मिलिसेकंद. घड्याळ काही मिलिसेकंदांनी चुकलं तरी ठोक्याचा आकार सरकतो आणि क्ष-किरणांतला ठोका रेडिओतल्या ठोक्याआधी येतो की नंतर, यावरचं सगळं विधान कोसळतं.

सीझेडटीआयचं घड्याळ तपासायला म्हणूनच क्रॅबच वापरला. त्याच काळात जमिनीवरून उटीची रेडिओ दुर्बीण आणि नारायणगावजवळच्या खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण त्याच पल्सारकडे पाहत होत्या. सोबत अमेरिकेच्या फर्मी उपग्रहाचा डेटा घेतला. २०१८ साली निष्कर्ष आला: सीझेडटीआयच्या वेळेत सुमारे ४.७ मिलिसेकंदांचा ठरावीक फरक आहे. फरक ठरावीक असेल तर चिंता नाही, तो वजा करता येतो. खोडदच्या शेतांतल्या अँटेनांनी ६५० किलोमीटर वरच्या घड्याळाचे काटे जुळवून दिले, ही मला या सगळ्या विषयातली सर्वांत लाडकी गोष्ट वाटते.

शिवाय उपग्रह पृथ्वीभोवती फिरतो आणि पृथ्वी सूर्याभोवती. वर्षाच्या एका टोकाला स्रोताकडून येणारा प्रकाश आपल्याला लवकर गाठतो, दुसऱ्या टोकाला उशिरा. फरक १६ मिनिटांपर्यंत जाऊ शकतो. म्हणून प्रत्येक फोटॉनची वेळ सूर्यमालेच्या गुरुत्वमध्यावर उभं राहून मोजल्यासारखी बदलून घेतात.

निरीक्षणानंतर खगोलशास्त्रज्ञाला किती दिवसांत डेटा हाती लागतो?

चंद्राच्या बाबतीत साधारण काही दिवसांत. घाईची कामं निराळी. ऑगस्ट २०१७ मध्ये दोन न्यूट्रॉन ताऱ्यांच्या टकरीच्या गुरुत्वीय लहरी पोचल्या, तेव्हा चंद्राने दोन दिवसांनी पाहिलं तर तिथे काहीच नव्हतं. नवव्या दिवशी पुन्हा पाहिलं आणि क्ष-किरण दिसले.

गॅमा-किरण स्फोटांच्या बाबतीत सीझेडटीआयची गंमत वेगळी. हे स्फोट आकाशात कुठेही होतात आणि कठोर क्ष-किरण उपकरणाच्या बाजूच्या भिंतींतूनही आत शिरतात. ६ ऑक्टोबर २०१५ रोजी उपकरण सुरू झालं त्याच दिवशी त्याने एक स्फोट टिपला. पुढच्या काळात ही संख्या सहाशेच्या पलीकडे गेली. फेरीचा डेटा उतरला की त्यात स्फोटांचा शोध घेतला जातो आणि सापडला तर जगभरच्या निरीक्षकांना कळवतात.

जानेवारी २०१७ मध्ये या सवयीचा उपयोग झाला. गुरुत्वीय लहरींच्या एका घटनेनंतर हवाईतल्या ॲटलस दुर्बिणीला एक मावळता प्रकाश दिसला. तो त्या लहरींचाच सोबती असेल अशी आशा होती. आयआयटी मुंबई, टीआयएफआर आणि आयुकातल्या संशोधकांनी सीझेडटीआयचा डेटा चाळला तेव्हा दुसऱ्या दिवशीचा एक गॅमा-किरण स्फोट सापडला आणि प्रकाश त्याचा होता. लहरींशी त्याचा संबंध नव्हता. अशा ‘नाही’लाही विज्ञानात किंमत असते, जरी बातमी होत नसली तरी.

डेटा कुणाच्या मालकीचा असतो?

ज्याने प्रस्ताव लिहून निरीक्षणाचा वेळ मिळवला त्याला काही काळ राखीव. ॲस्ट्रोसॅटला सहसा एक वर्ष. मग सगळ्यांसाठी खुला. काहींना ही अट संकुचित वाटते. मला ती बरी वाटते: ज्या विद्यार्थिनीने सहा महिने घालून प्रस्ताव लिहिला तिला, मोठी टीम हाताशी असलेल्याशी शर्यत लावायला लागू नये.

मी संशोधक नाही. मला मिळेल का?

मिळेल. ॲस्ट्रोसॅटच्या संग्रहासाठी डेटा सेंटरच्या संकेतस्थळावर नोंदणी करावी लागते. चंद्राचा खुला संग्रह थेट शोधता येतो. प्रतिमा पाहायला डीएस९ हा मोफत प्रोग्राम पुरतो. सुरुवात चंद्राच्या कॅसिओपिया-ए या फुटलेल्या ताऱ्याच्या अवशेषापासून करा. ऑगस्ट १९९९ मध्ये चंद्राची पहिली अधिकृत प्रतिमा त्याचीच आली, आणि मध्यभागी एक ठिपका दिसला जो तोवर कुणालाच दिसला नव्हता. आजही ती फाइल स्वतः उघडून तो ठिपका शोधताना मजा येते.

ते निळे-लाल रंग खरे असतात का?

नाही. क्ष-किरणांना डोळ्यांना दिसेल असा रंगच नसतो. सहसा कमी ऊर्जेला लाल, जास्तीला निळा देतात. रंग खोटे, फरक खरा.

थेट प्रक्षेपण पाहता येईल का?

नाही. पाहिलंत तरी कंटाळाल. चंद्राच्या दक्षिण डीप फील्डसाठी १९९९ ते २०१६ या काळात तुकड्यातुकड्यांनी ७० लाख सेकंद, म्हणजे ८१ दिवस, आकाशाच्या एका लहानशा तुकड्याकडे पाहत राहिले होते.

जुन्या डेटाचं पुढे काय होतं? पडून राहतो का?

पडून राहतो, पण मेलेला नसतो. एम५१ या भोवरा दीर्घिकेतल्या एका क्ष-किरण जोडताऱ्याकडून येणारा प्रकाश २०१२ सालच्या चंद्राच्या निरीक्षणात सुमारे तीन तासांसाठी पूर्ण थांबला होता. तेव्हा कुणाच्या लक्षात आलं नाही. काही वर्षांनी जुन्या याद्या पुन्हा वेळेनुसार मोजताना तो खड्डा सापडला, आणि ऑक्टोबर २०२१ मध्ये शोधनिबंध छापून आला: शनीएवढा एखादा ग्रह समोरून गेला असावा. खरंच ग्रह असेल तर तो आपल्या दीर्घिकेबाहेरचा. खात्री करायला पुढचं ग्रहण पाहावं लागेल, आणि त्याची कक्षा बघता तो पुन्हा समोर यायला कित्येक दशकं लागतील.